सूर्यास्त सगळे सारखेच येतात, कॅमेरा बदलू का?

प्रश्न: मी गुहागरची, यंदाच शाळेतून रिटायर झाले. आता निवांत निसर्गाचे फोटो काढायचेत. मोबाईलवर काढते पण सूर्यास्त सगळे एकसारखेच दिसतात. मुलगा म्हणतो फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेऊन देतो, पण त्याचं वजन आणि माझे गुडघे! शिवाय आपल्याकडच्या पावसात बुरशी धरेल ती वेगळीच. काय करू? – एक वाचक

उत्तर: ताई, मुलाला म्हणावं जरा थांब. फुलफ्रेम, मोठी लेन्स, ट्रायपॉड असं ओझं झालं की कॅमेरा कपाटातच राहतो, हे खूपदा बघितलंय. एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा हलका मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्या, सेकंडहँड असला तरी चालेल, सोबत १८-५५ मिमीची साधी झूम लेन्स, बास. फक्त स्क्रीन बाहेर वळणारी हवी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमधे सड्यावर (कातळाच्या पठारावर) सीतेची आसवं ही इवली फुलं फुलली की गुडघे न टेकता फोटो निघतो (कातळावर शेवाळ असतं, काठी घेऊन जा).

आता सूर्यास्ताचं. त्यात कॅमेऱ्याचा दोष कमी, तुम्ही रोज घड्याळ बघून जाताय, पाणी बघून नाही. भरतीची वेळ काढायला तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचं हे घरात ऐकलं असेलच, पौर्णिमेला १५ त्रिक ४५, भागिले ४, म्हणजे सव्वाअकराची भरती, थोडं मागेपुढे धरा, आणि त्यानंतर सहाएक तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य बुडताना पाणी पार मागे गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत अख्खं आभाळ दिसतं, ते फोटो काढा, आणि सूर्य बुडाला की लगेच घरी पळू नका, खरा रंग पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत येतो. तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं मायनस ठेवा, नाहीतर तो रंग फिका पडतो. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, पण ती भांगाची, लहान. हेदवीच्या बामणघळीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळातल्या अरुंद भेगेत, पाणी उसळताना पाहिजे असेल तर उधाणाचीच (पौर्णिमा-अमावस्येची मोठी) भरती हवी, ती भर दुपारी येते, ऊन कडक असतं पण उडणाऱ्या पाण्याला तेच बरं. घळीच्या काठावर मात्र जाऊ नका, लांबूनच झूम करा.

बुरशीची भीती खरी आहे. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत ठेवू नका, हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रता मीटर, ४० ते ५० टक्के असलं की झालं. तांदूळ वगैरे नको, त्याची पूड लेन्सवर बसते. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, घरी आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा.

आणि हो, तुमच्याच किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला कासवांची पिल्लं सोडतात, तिथे फ्लॅश बंद, टॉर्चही नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.