जुने संगणकवाले ओपन सोर्सचाच हट्ट का धरतात?

तुमचा प्रश्न: वडिलांच्या डाळ मिलसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय, या धंद्यात केस पिकलेले लोक ओपन सोर्सचाच हट्ट का धरतात?

चटका बसलेला असतो म्हणून. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा आतला कोड कोणालाही उघडून बघता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. आणि तुम्ही नेमकी डाळ मिल म्हणालात, म्हणून लिहायला बसलो.

2002 चा फेब्रुवारी. जळगावच्या एमआयडीसीतली एक डाळ मिल, तुरीची आवक जोरात. सकाळी साडेसातला शेठजींचा फोन, "सर, हिशोब उघडत नाहीये." प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला, आणि चालायचा तो प्रिंटरच्या पोर्टात खोचलेल्या काडेपेटीएवढ्या लॉकवर. रात्री टेबल सरकवताना केबलीसकट लॉक ओढलं गेलं, एक पिन तुटून पोर्टातच राहिली. लॉक नाही तर प्रोग्राम नाही. विकणाऱ्याचा पुण्याचा नंबर लावला, तर तो एका झेरॉक्सच्या दुकानात लागला. बाहेर मालाच्या गाड्या उभ्या, आणि कोणाचं किती देणं ते त्या डब्यात बंद. हिशोब शेठजींचा, किल्ली परागंदा माणसाची!

हार्ड डिस्क काढून घरी नेली, लिनक्सच्या (विंडोजसारखीच, पण ओपन सोर्स प्रणाली) मशीनला लावली. नशीब, फॉक्सप्रो ज्यात डेटा ठेवतं त्या डीबीएफ फाइलची रचना जगजाहीर होती: आधी 32 बाइटचा मथळा, मग प्रत्येक रकान्यामागे 32 बाइट, पुढे नोंदी. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत चाळीसेक ओळी खरडल्या. आकडे साध्या अक्षरांतच साठवलेले, ते धडाधड बाहेर आले. अडली ती नावं. ती विकणाऱ्याच्या खास फॉन्टमध्ये, पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा. मग मुनीमजी जुन्या छापील पावत्या घेऊन बसले. ते "पाटील, धरणगाव" वाचायचे, आणि कुठल्या चिन्हाचा 'पा' होतो ते मी वहीत मांडायचो. दोन रात्री गेल्या. (डीबीएफमध्ये उडवलेली नोंद फाइल पॅक, म्हणजे साफ, करेपर्यंत पुसली जात नाही, तिच्यापुढे नुसती चांदणी लागते. अशा बऱ्याच चांदण्या निघाल्या. कोणाच्या, ते फक्त शेठजींना सांगितलं.)

माझे साडू अमळनेरला कॉम्प्युटर विकतात. पंचवीस वर्षं त्यांचं एकच पालुपद, "फुकटमा कोनी काई देस का रे भाऊ?" अहो, फुकटाचा संबंधच काय? मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा रिचर्ड स्टॉलमन स्वतः 1985 मध्ये आपल्या ईमॅक्स या एडिटरची टेप 150 डॉलरला विकत होता. मीही त्या दोन रात्रींचे पैसे घेतलेच की. मुक्त म्हणजे आतलं उघडून बघता येतं, आणि करणारा पळाला तर दुसरा माणूस बसवता येतो. एवढं साधं त्यांना दर दिवाळीला समजावतो, दर दिवाळीला ते फराळाकडे बघत बसतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सर्व्हरवर लिनक्स, डेटाबेस पोस्टग्रेस, पत्रांना लिब्रेऑफिस, आणि मराठी असेल ते युनिकोडमध्येच (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरांची सामाईक पद्धत). काहीही विकत घेतलंत तरी डेमोलाच म्हणा, सगळा डेटा सीएसव्हीत (कुठेही उघडणारी साधी मजकूर फाइल) माझ्यासमोर काढून दाखवा. "सर्व्हिसवाल्याला विचारून सांगतो" असं उत्तर आलं की चहा पाजून वाटेला लावा.

हो, एक राहिलं. तुमचे सीए टॅलीतच जीएसटीचं काम करत असतील तर तिथे हटून बसू नका. रिटर्नची 20 तारीख तोंडावर आली की तत्त्वं कामाला येत नाहीत. ती मिलही आता टॅलीवरच आहे. साडूंना हे कळता कामा नये.