महाडीबीटीचा फॉर्म थांबेल, आधी पॉलिसी परत करा

धायरीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी झाली, सीईटी दिली, इंजिनिअरिंगला जायचंय, ओबीसी. प्रश्न एवढाच की महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म लवकर भरला तर पैसे नक्की मिळतात का. आणि खाली जाता जाता लिहिलंय की मुलींची फी आता माफच आहे म्हणून बँकेतल्या मॅनेजरच्या सांगण्यावरून तिच्या शिक्षणाची 6 लाखांची एफडी मोडली आणि गॅरंटीड पॉलिसी घेतली, वर्षाला 2 लाख, 10 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 32 लाख. बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, गेल्या आठवड्यात मेलवर आला.

साहेब, फॉर्मचं नंतर बघू, आधी तो बॉन्ड परत करा. मिळाल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, अटी पटल्या नाहीत एवढं कारण पुरतं. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी सगळं परत येतं. मॅनेजर म्हणेल एक वर्ष चालवून बघा, ऐकू नका, वर्षाने सोडलीत तर भरल्यापेक्षा कमीच हातात येईल. अर्ज विमा कंपनीला मेल करा, शिवाय ब्रँचला नेऊन द्या आणि झेरॉक्सवर तारखेचा शिक्का घ्या. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे.

20 लाखांचे 32 ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतात. आणि तुमचा वर्षाचा पगार 7 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 65 हजार, त्यातले जवळपास 17 हजार या हप्त्यालाच. 3 हप्त्यांत एफडी संपणार आणि चौथा हप्ता पोरगी लास्ट इयरला असताना खिशातून. हे विकताना त्या माणसाने घरचा खर्च एकदा तरी विचारायला हवा होता, मला खरंच राग आला वाचून.

आता माफीचं. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन हवी, मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. डेव्हलपमेंट फी, मेस, लॅपटॉप तुमच्याकडेच. तुम्ही लिहिलंय वहिनी डबे देतात, महिन्याला 4-5 हजार सुटतात, ते धरलेच नाहीत. आई-वडील दोघांचं मिळून बघतात, म्हणजे तुम्ही 8 च्या वर जाताय. दाखल्यात लपवू नका, पुढे पोरीच्या ॲडमिशनवर येईल. माफी मिळणार नाही असंच धरून चला. फी तुम्ही 1 लाख 40 हजार सांगितलीत, 4 वर्षांचे साडेपाच-पावणेसहा लाख, म्हणजे एफडी बरोबर पुरत होती! पैसे आले की यंदाच्या फीला दीड लाख बाजूला ठेवा आणि बाकीच्या दीड-दीड लाखाच्या 3 एफडी करा, पुढच्या दर जूनला एक सुटेल अशा.

आणि फॉर्म लवकर भरताच येत नाही, तो कॅपची ॲडमिशन झाल्यावरच, आणि दरवर्षी रिन्यू करावा लागतो. घाई करायची ती कागदांची, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमी लेयर, डोमिसाईल, पोरीच्या खात्याला आधार लिंक. कास्ट व्हॅलिडिटी झाली का ते पत्रात कुठेच नाही, नसेल तर उद्याच अर्ज टाका, तिला महिने लागतात.