वडिलांना झोपेत लकवा झाला. सीटी स्कॅन नॉर्मल होता, तरी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन का दिलं नाही?

तुम्ही लिहिलंय की वडील रात्री अकराला नीट बोलून झोपले, सकाळी सहाला पाहिलं तर उजवा हात उचलेना आणि जीभ जड झालेली. सातला तुम्ही दवाखान्यात होतात. मग हलगर्जीपणा झाला का, असं विचारताय. मी चौदा वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स आहे, हे इंजेक्शन माझ्या हातांनी दिलंय. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, पण लिहिलंय त्यावरून कारण बहुधा वेळेचं आहे.

हे इंजेक्शन द्यायची साडेचार तासांची मुदत लकवा लक्षात आल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून मोजतात. म्हणजे तुमच्या वडिलांचं घड्याळ रात्री अकरालाच सुरू झालं. दवाखान्यात पोचेपर्यंत आठ तास झाले होते.

सीटी नॉर्मल येण्याने फार जणांची फसगत होते. गुठळीने झालेला लकवा पहिले काही तास सीटीवर बहुतेक वेळा नीट दिसतच नाही. तो स्कॅन मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघायला काढतात. रक्तस्राव असेल तर हे औषध जीव घेईल.

ॲस्पिरिनसारख्या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत, नवी धरू देत नाहीत. अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांचं काम वेगळं. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन असतं, ही औषधं त्याचं प्लाझ्मिन करतात आणि ते गुठळीला बांधून ठेवणारे फायब्रिनचे धागे तोडतं. पण शरीरात दुसरीकडे जखम भरून धरणारे धागेही त्यात तुटू शकतात. शिवाय तासन् तास रक्ताविना उपाशी राहिलेल्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या कमकुवत होतात, रक्त परत सुरू झालं की गळतात. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६२४ रुग्ण होते, सगळ्यांना तीन तासांच्या आत औषध किंवा नुसतं खोटं इंजेक्शन दिलेलं. औषध मिळालेले जास्त लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते. पण लक्षणं दिसण्याइतका मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यात ६.४ टक्के, तर बाकीच्यांत ०.६ टक्के झाला. हे वेळेत दिलेल्यांचं. मुदत साडेचार तासांवर गेली ती २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर.

देताना आमचेही हात जपून चालतात. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, म्हणून आम्ही आल्याआल्या वजन विचारतो. कुपी जोरात हलवायची नाही, फेस येतो. दहावा भाग एका मिनिटात, उरलेलं पंपावर तासाभरात. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी ते उतरवायचं. नंतर दर पंधरा मिनिटांनी बीपी, दंडात सुई नाही, आणि चोवीस तासांनी पुन्हा सीटी होईपर्यंत ॲस्पिरिनही नाही.

एका मावशींचा मुलगा येताच म्हणाला, "सातच्या बातम्या लागल्या तेव्हा आई भाकरी थापत होती." त्या एका वाक्यावरून वेळ कळली आणि इंजेक्शन देता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी लुळ्या पडलेल्या त्याच हाताने पदर सावरला, आणि मी बाहेर जाऊन रडले.

झोपेतल्या लकव्याला मार्गच नाही असं मात्र नाही. एमआरआयवरून लकवा ताजा आहे असं दिसलं तर काही जणांना हे औषध देता येतं, २०१८ च्या चाचणीने ते दाखवलं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत तार घालून गुठळी बाहेर काढतात. दोन्ही सोयी मोठ्या शहरांतच सहसा मिळतात. डॉक्टरांना एवढंच विचारा: सीटी अँजिओ (मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) झाला होता का, आणि मोठी रक्तवाहिनी बंद होती का? हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "रात्री एकदा उठून पाहिलं असतं तर?" झोपलेल्या माणसाचा लकवा शेजारी बसलेल्यालाही कळत नाही हो. तो अपराध मनातून काढा. आणि फिजिओथेरपिस्टना आजच बोलवा, त्या हाताला उद्यावर ढकलू नका.