बाईंना विचारा : एकतीस खाडे

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे. शाळा तालुक्याच्या गावी, आमच्या वाडीपासून अकरा किलोमीटर. शाळा आतापर्यंत ११८ दिवस भरली, त्यात हिचे ३१ खाडे. सप्टेंबरअखेर कांजिण्या आल्या, त्यात १२ दिवस गेले. बाकीच्या वेळी पोट दुखतं म्हणून घरी राहिली : २४, २५, २६ जून, २२, २३, २४ जुलै, २० आणि २१ ऑगस्ट, १७, १८ सप्टेंबर, पुढेही तसंच. वर्गशिक्षिका म्हणतात, बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरा. गेल्या आठवड्यात एसटी उशिरा आली, हिला पहिला तास दाराबाहेर उभं केलं. ही म्हणाली, ‘मग तुम्हीच आणत जा ना मला गाडीवरून!’ आता पालकांकडून लेखी माफीनामा मागितलाय. मिस्टर म्हणतात, शाळाच बदलू. काय करू?

— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : आधी हिशेब, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. ११८ पैकी ८७ दिवस हजर, म्हणजे ७४ टक्क्यांच्या जरा खाली. परीक्षेपर्यंत शाळा अजून साठेक दिवस भरली आणि त्यातले आठ दिवस तिचे बुडाले, तरी १७८ पैकी १३९ होतात. ७८ टक्के. अडचण आहे, पण आभाळ कोसळलेलं नाही. तूट राहिलीच, तर आजारपणाच्या कारणावरून ती माफ व्हावी म्हणून मुख्याध्यापकांच्या शिफारशीने मंडळाकडे प्रस्ताव जातो. मी स्वतः असे प्रस्ताव पाठवलेत. १७ नंबरचा फॉर्म बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो, नियमित मुलीला धाक घालायला नसतो. मिस्टरांना सांगा, दहावीत अर्ध्या वर्षात शाळा बदलण्याचा विचारही नको.

प्रस्तावाला कागद लागतो, आणि तिथे तुमची गोची होणार असं मला वाटतं. कांजिण्या म्हटल्यावर घरात कडुलिंबाचा पाला आला असेल, दवाखान्यात कोणी गेलं नसेल. केसपेपर आहे का? नसेल तर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट कुठूनतरी ‘मिळवू’ नका. व्रण अजून दिसत असतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, डॉक्टरांना जे दिसेल तेवढंच लिहून घ्या, सोबत तुमचा अर्ज जोडा. आणि घरी ठेवलंत ते बरोबरच केलंत. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते. खपली धरली की मात्र पाठवायचं, बहुतेक मुलांची आठवड्यात धरते. बारा दिवस थोडे जास्तच झाले.

आता मुद्द्याचं. तारखा लिहिल्यात हे फार बरं केलंत. २४ जून, २२ जुलै, २० ऑगस्ट, १७ सप्टेंबर. तुम्ही आई आहात, एका खाली एक लिहून बघा. दर अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी पोट दुखतं.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी नववीचा हजेरीचा कॅटलॉग चाळताना मुलींच्या नावांपुढे असेच दोन-दोन, तीन-तीन ‘गै’ ओळीने दिसले. कामचुकार म्हणून मीच आधी दोघींना झापलं होतं. मग शिपाईमावशी म्हणाल्या, ‘बाई, पोरींच्या संडासाला आतून कडी नाही.’ मी जाऊन पाहिलं. कडीच्या जागी सुतळीचा तुकडा, एका मैत्रिणीने बाहेरून धरून उभं राहायचं. नळ होता, पाणी नव्हतं. स्टाफचं टॉयलेट वेगळं होतं, म्हणून तीन वर्षं आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. कडी त्याच संध्याकाळी बसवली. पाण्याला चार महिने लागले, ती रडकथा पुन्हा कधीतरी.

तेव्हा लेकीला एकटीला घेऊन बसा आणि हे विचारा : कडी आहे का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. हे सगळं असूनही पाळीत उठवत नसेल, तर ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन तपासा. या वयात १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती खरंच गिळते का तेही विचारा. आमच्या खिडकीमागच्या गवतात पावसाळ्यात निळा सडा पडायचा! उपाशीपोटी मळमळतं, म्हणून पोरी फेकतात. जेवणानंतर घ्यायची आणि वर लगेच चहा नको.

राहिलं उलट बोलणं. वाक्य खरं होतं, म्हणूनच बाईंना झोंबलं. मलाही झोंबलं असतं. पण चारचौघांत, त्या सुरात बोलली ही तिची चूक, आणि माफी तिनेच मागावी. दोन ओळी, स्वतःच्या अक्षरात, सुरापुरती. बस उशिरा येण्याबद्दल माफी मागू नये. तुम्ही माफीनामा देऊ नका, अर्ज द्या : मुलगी अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर येते, याच्या आधीची गाडी नाही, उशीर झाल्यास वर्गात बसू द्यावं. शिक्षण हक्क कायद्याचं शिक्षेविरुद्धचं १७ वं कलम आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, ते इथे आपटू नका, पण दहावीच्या पोरीचा तास बुडवून शिस्त कशी लागते, हे शांतपणे जरूर विचारा.

वर्गशिक्षिका बाई आहेत ना? मग मुख्याध्यापकांकडे जायच्या आधी त्यांनाच गाठा, मधल्या सुट्टीत. तारखांचा तो कागद त्यांच्यापुढे ठेवा. आणि निघताना मुलींच्या संडासात एकदा स्वतः जाऊन या.