एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी दिसतोय, मग बायोप्सी कशाला? आणि ऑपरेशन लागेलच का?

बायोप्सी, म्हणजे मणक्यातला छोटा नमुना काढून तपासणं, शक्यतो टाळू नका. ऑपरेशन मात्र बहुतेकांना लागत नाही, गोळ्यांनीच आजार बरा होतो. एमआरआयमध्ये शेजारचे दोन मणके आणि मधली चकती खराब झालेली आणि पू दिसतो, पण इतर जंतुसंसर्ग किंवा कधी कॅन्सरही तसाच भासू शकतो. सीटी स्कॅनवर बघत सुईने नमुना घेतात. त्याची सीबीनॅट तपासणी जंतू आहे का आणि त्याला रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हे काही तासांत सांगते. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायला, काही आठवडे जातात, तरी ते करून घ्यावं. शिवाय नमुना पॅथॉलॉजीलाही पाठवतात. शक्य असेल तर नमुना औषधं सुरू होण्याआधीच द्यावा, नंतर जंतू सापडणं अवघड होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मणक्याचा टीबी नाही, असं मुळीच नाही.

फुफ्फुसाबाहेरच्या टीबीसाठीच्या भारताच्या २०१६ च्या इंडेक्स-टीबी मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार १२ महिन्यांचे: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे १० महिने तीन; गरजेप्रमाणे १८ महिन्यांपर्यंत. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. दोन-तीन महिन्यांत पाठ हलकी वाटते आणि नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग. नजर धूसर झाली तर मात्र लगेच कळवा.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही, याला एक मोठा अपवाद: पायांतली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. असं काही असेल तर आजच स्पाइन सर्जन गाठा.