तीनला दोन म्हणू नकोस

प्रिय,

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या मतदानात, स्वयंसेवक म्हणून उतरतोयस, छान. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस, म्हणून आधी कायद्याचं. बिनपगारी काम चालतं, पण उमेदवाराला एक डॉलरही द्यायचा नाही आणि प्रचाराचे निर्णय घेणाऱ्यांत बसायचं नाही. प्रचाराचा टी-शर्ट विकत घेतला तरी ती देणगीच धरतात!

तिथल्या लोकांना राजकारण्यांचं अप्रूप नाही. वस्ती जेमतेम १४ लाख आणि राज्याच्या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य, म्हणजे आमदार शेजारच्या गल्लीतच राहतो. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्यानेही समोर उभं राहून प्रश्न झेलावेत, एवढी त्यांची अपेक्षा असते. २००० साली जॉन मॅकेन यांनी तिथे शंभरावर टाउन हॉल सभा घेतल्या आणि बुश यांना १८ टक्क्यांनी हरवलं. पण नुसतं पायाला भिंगरी लावून भागत नाही. २०२४मध्ये उमेदवार डिसँटिस आयोवा राज्याच्या ९९च्या ९९ काउंट्या (जिल्हे) फिरले, तरी ट्रम्प यांच्यामागे जवळपास ३० टक्के राहिले. पाठांतर तर लगेच उघडं पडतं. २०१६च्या उमेदवारांच्या वादचर्चेत मार्को रुबिओ तेच वाक्य घोकत राहिले, प्रतिस्पर्धी ख्रिस क्रिस्टी यांनी तिथल्या तिथे ते दाखवून दिलं, आणि तीन दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये रुबिओ पाचवे आले.

तुझ्या हातात मात्र सभा नाही, दारं आहेत. मतदारांच्या यादीत ज्यांच्यापुढे पक्ष लिहिलेला नाही त्यांना वगळू नकोस. ते मतदानाच्या दिवशी कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतात, आणि निघताना अर्ज भरून पुन्हा बिनपक्षाचे होतात. दुसऱ्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदाराला ही सवलत नाही, तिथे वेळ घालवू नकोस.

दाराशी बोलणं झालं की १ ते ५ आकडा टाकायचा: १ पक्का आपला, २ आपल्याकडे झुकलेला, ३ कुंपणावरचा, ५ पक्का विरोधातला. ‘चांगला वाटतो हं तुमचा माणूस’ म्हणणारा तीनच. ‘मी त्यालाच मत देणार’ हे त्याच्या तोंडून आलं तरच एक. सगळी गडबड इथेच होते. वरून आकडे मागतात, मग पोरं तीनचे दोन करतात. शेवटच्या शनिवार-रविवारी फक्त एक आणि दोनवाल्यांना मतदानाला बाहेर काढतात, म्हणजे फुगवलेल्या यादीने आपणच विरोधकाचे मतदार केंद्रावर पाठवतो.

कुंपणावरच्याला भाषण देऊ नकोस. ‘काय अडतंय?’ एवढं विचार आणि गप्प बस. दुसरी पसंती कोण, तेही विचार. त्याच्या पहिल्या पसंतीचा उमेदवार माघार घेतो तेव्हा किंवा आपला घसरतो तेव्हा ही नोंद कामाला येते. अडणारी गोष्ट त्याच्याच शब्दांत, पायरी उतरण्याआधी लिही. पाच घरांनंतर कोण औषधांच्या किमतीवर बोललं आणि कोण वयावर, काही आठवत नाही.

तीनवाल्याकडे पुन्हा जायचं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. २००८मध्ये आयोवा जिंकून आलेले ओबामा चाचण्यांत पुढे होते, आणि पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरी क्लिंटन ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी जिंकल्या.

जमेल तिथे त्याच गावातल्या कार्यकर्त्याला सोबत घे आणि बोलू त्याला दे. २००४मध्ये उमेदवार हॉवर्ड डीन यांनी बाहेरगावच्या तरुणांची फौज केशरी टोप्या घालून आयोवात उतरवली होती. आले तिसरे, १८ टक्क्यांवर.

पत्रक घराबाहेरच्या टपालपेटीत टाकू नकोस, ते बेकायदा आहे. दाराच्या मुठीला अडकव. बर्फ असला तरी अंगण तुडवत जायचं नाही, गाडीच्या वाटेने जा. आणि थंडीत फोनची बॅटरी झटकन उतरते, म्हणून यादीची छापील प्रत आणि पेन्सिल बरोबर ठेव. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते.