होमस्टेड, १८९२ : संप की टाळेबंदी?

प्रश्न असा आला आहे : “१८९२ सालच्या होमस्टेडच्या घटनेवरचा लेख मराठीत आणतोय. मूळ इंग्रजीत एकाच परिच्छेदात ‘स्ट्राइक’ही आहे आणि ‘लॉकआउट’ही. दुसऱ्यासाठी मी टाळेबंदी लिहिलं. मुद्रितशोधकांनी ‘वाचकाला करोना आठवेल’ असं म्हणून ते खोडलं आणि सगळीकडे संप केलं. बरोबर कोण?”

बरोबर तुम्ही. २०२० मध्ये वृत्तपत्रांनी ‘लॉकडाउन’साठी टाळेबंदी हा शब्द उचलला हे खरं, पण तो तेव्हा नव्याने घडवलेला नव्हता. मालकाने कारखान्याच्या दाराला कुलूप लावून कामगारांना बाहेर ठेवणं हा त्याचा आधीपासूनचा अर्थ आहे, आणि गिरणगावात वाढलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. उसना दिलेला शब्द मूळ मालकाला परत मागता येतो. शिवाय इथे प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. शब्द बदलला की घटनेतला कर्ता बदलतो.

तारखा पाहा. होमस्टेड हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळ, मोनोंगहेला नदीकाठचं गाव. तिथे अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा कारखाना, सुमारे ३,८०० कामगार. त्यातल्या कुशल कारागिरांची लोखंड-पोलाद कामगारांची संघटना होती आणि तिचा कंपनीशी तीन वर्षांचा करार होता. तो ३० जून १८९२ ला संपणार होता. मजुरी पोलादाच्या बाजारभावाला बांधलेली होती. भाव कितीही पडला तरी मजुरी धरताना टनामागे २५ डॉलरच्या खाली मोजायचा नाही, अशी कराराची अट. कंपनीला ती पातळी २२ वर आणायची होती. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडमध्ये, कारभार हेन्री क्ले फ्रिककडे. फ्रिकने आधी कारखान्याभोवती कुंपण घालून त्यावर काटेरी तार ओढली (लोक त्याला ‘फोर्ट फ्रिक’ म्हणू लागले), मग २८ जूनच्या संध्याकाळी काही विभाग बंद केले आणि दुसऱ्या दिवशी उरलेले. म्हणजे करार जिवंत असतानाच कुलूप पडलं. त्यानंतर संघटनेबाहेरचे मजूरही कुशल कामगारांच्या बाजूने उभे राहिले, आणि तिथून पुढे ‘संप’ म्हणायला हरकत नाही. आधी टाळेबंदी, मग संप. तुमच्या मूळ लेखकाने दोन्ही शब्द गोंधळून वापरलेले नसावेत.

मराठीत हा फरक तर क्रियापदातच बसवून ठेवलेला आहे. ‘कारखाना बंद पडला’, ‘कारखाना बंद पाडला’, ‘कारखाना बंद ठेवला’. पहिल्या वाक्यात कुणाचाच दोष नाही, जणू पाऊस पडावा तसा कारखाना पडला. दुसऱ्यात बोट कामगारांकडे जातं, तिसऱ्यात मालकाकडे. अनुवादात मी सर्वांत जास्त घाबरतो ते पहिल्या वाक्याला, कारण ते लिहायला सोपं असतं आणि त्यात कुणीच सापडत नाही.

व्युत्पत्तीकडे गेलं तर गंमत वाढते. हरताळ म्हणजे हट्ट आणि ताळा. हट्ट म्हणजे इथे बाजार, दुकान. लहान मुलाचा हट्ट नव्हे. दुकानाला लावलेलं कुलूप तो हरताळ. (‘नियमाला हरताळ फासला’ मधला हरताळ वेगळा. तो पिवळा खनिज रंग, पोथीतलं चुकीचं अक्षर बुजवायला लावायचे तो.) म्हणजे हरताळ आणि टाळेबंदी, दोन्हींच्या पोटात कुलूपच आहे, किल्ली कुणाच्या कनवटीला, एवढाच फरक. ‘संप’ मात्र कुलपाचा शब्द नाही. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा, सलोखा. आपल्याकडे एकीचा शब्द कामबंदीचा झाला, कारण एकी झाल्याशिवाय काम थांबत नाही. कामबंदीच्या ‘स्ट्राइक’च्या मुळाशी खलाशांनी जहाजाची शिडं खाली उतरवणं आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी हातात हात. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो.

आता ‘शब्दाने काय फरक पडतो’ असं मुद्रितशोधक म्हणतीलच. त्या वर्षी फरक पडला, कारण ते अध्यक्षीय निवडणुकीचं वर्ष होतं. रिपब्लिकन पक्षाने १८९० मध्ये मॅकिन्ले कायद्याने आयात जकात वाढवली होती आणि प्रचार असा, की परदेशी माल अडवला की देशातल्या कामगाराची मजुरी टिकते. पोलादाला जकातीचं संरक्षण होतं, आणि मजुरी कापली गेली ती तिथेच. ६ जुलैला फ्रिकने बोलावलेल्या पिंकर्टन या खासगी पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीची ३०० माणसं भरलेले दोन पडाव नदीतून आले, दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. मग राज्यपाल पॅटिसन यांनी राज्याचं सैन्य, सुमारे आठ हजार शिपाई, पाठवलं. ‘संप’ म्हटलं तर कामगार हटवादी ठरत. ‘टाळेबंदी’ म्हटलं तर जकातीवर पोसलेला मालक. विरोधी डेमोक्रॅट पक्षाला कोणता शब्द सोयीचा होता हे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन अध्यक्ष हॅरिसन हरले, डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड आले. एकट्या होमस्टेडमुळे हरले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्याच महिन्यात होमस्टेडचा लढाही मोडला.

याच क्लीव्हलँडनी १८९४ मध्ये पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतल्या संपाच्या वेळी शिकागोत केंद्राचं सैन्य उतरवलं, तेही इलिनॉयचे राज्यपाल अल्टगेल्ड यांचा विरोध असताना. तुमच्या लेखात पुढे पुलमन येत असेल तर तिथेही एक खड्डा आहे. पुलमनच्या कारखान्यात झाला तो संप. पण यूजीन डेब्ज यांच्या संघटनेच्या रेल्वे कामगारांनी देशभर पुलमनचे शयनयान डबे जोडायला नकार दिला, ते ‘बॉयकॉट’. बहिष्कार हा शब्द चालेल. फक्त वाचकाला ‘विकत न घेणं’ असं वाटू नये म्हणून एकदा ‘त्या डब्यांना हात लावायचा नाही’ असं उघड लिहा. न्यायालयाने डेब्जवर बजावला तो मनाईहुकूम. ‘निषेधाज्ञा’ वगैरे नको.

तुम्ही तळटीपेत विचारलेलं ‘स्कॅब’. शब्दशः ती जखमेवरची खपली, पण शिवी म्हणून संपफोड्या लिहा. त्यासाठी ‘बदली कामगार’ लिहू नका. गिरणीतला बदलीवाला सकाळी दारात उभा राहायचा तो कुणी गैरहजर असेल तर एका पाळीचं काम मिळेल या आशेने. संपाच्या दिवशी तोही इतरांबरोबर बाहेरच असायचा.